वार्धक्यातील देह : अमानत आणि तिचा रोजचा सांभाळ

दिव्य कुरआनच्या सूरह अर्-रूममध्ये (३०:५४) मनुष्याच्या आयुष्याचा सारा प्रवास एकाच आयतीत सामावला आहे. अल्लाहने मनुष्याला दुर्बल अवस्थेत निर्माण केले, दुर्बलतेनंतर त्याला सामर्थ्य दिले आणि सामर्थ्यानंतर पुन्हा दुर्बलता व पांढरे केस दिले, असा तिचा आशय आहे. पाळण्यातले मूल, भर ज्वानीतला शेतकरी आणि काठी टेकत मशिदीची पायरी चढणारा वृद्ध ही एकाच माणसाची तीन रूपे आहेत आणि तिन्हींचा निर्माता एकच आहे. म्हणून श्रद्धावंताच्या दृष्टीने म्हातारपण हा अपघात नाही, अपमान नाही आणि शिक्षा तर नाहीच. तो निर्मितीचाच एक ठरलेला टप्पा आहे.

परंतु टप्पा ठरलेला असला तरी त्या टप्प्यावर आपण कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे बऱ्याच अंशी आपल्या रोजच्या वागण्यावर अवलंबून असते. दोन सख्खे भाऊ सत्तरीत येतात. एक स्वतःच्या पायांनी फजरला येतो, दुसऱ्याला अंथरुणावरून उठवायला दोन माणसे लागतात. यात अल्लाहची इच्छा आहेच. पण मधल्या तीस-चाळीस वर्षांतील खाणे, चालणे, झोपणे, व्यसन आणि औषधोपचार यांचाही वाटा आहे. या पाठात आपल्याला त्या वाट्याचा विचार करावयाचा आहे.

देह आपला नाही

इस्लामच्या शिकवणीनुसार देह ही अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याला ती वापरण्याची मुभा असते, बिघडवण्याची नसते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रात्रभर नमाज आणि दिवसभर रोजे असा क्रम चालवीत होते. तेव्हा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समज दिली की, तुमच्या देहाचाही तुमच्यावर हक्क आहे. ही हदीस सहीह बुखारीत आहे. उपासनेसाठीदेखील देहाचा हक्क मारता येत नसेल, तर आळसासाठी किंवा जिभेच्या चोचल्यांसाठी तो कसा मारता येईल?

बुखारीतच हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली आणखी एक शिकवण आहे. दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ माणसे तोट्यात राहतात. त्या देणग्या म्हणजे आरोग्य आणि मोकळा वेळ. व्यापारात तोटा झाला की माणूस रात्री जागून हिशोब करतो. आरोग्याचा तोटा मात्र हळूहळू होतो आणि कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

काही मंडळी म्हणतात, "जे नशिबात असेल ते होईल, औषध-पथ्याने काय होणार?" हा तवक्कुल नव्हे. काही ग्रामीण अरबांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की, आम्ही उपचार करावेत काय? त्यांनी होकार दिला आणि सांगितले की, अल्लाहने प्रत्येक रोगाबरोबर त्याचा उपायही ठेवला आहे. अपवाद फक्त एकाचा, म्हातारपणाचा. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदविलेल्या या हदीसमध्ये दोन धडे एकत्र आहेत. पहिला असा की, रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, दातदुखी ही म्हातारपणाची नावे नाहीत. ते आजार आहेत आणि त्यांवर उपचार करणे ही प्रेषितांची शिकवण आहे. "वय झाले, आता असेच चालायचे" असे म्हणून ते अंगावर काढणे योग्य नाही. दुसरा धडा असा की, म्हातारपण टाळण्याचे औषध कोणाकडेही नाही. ताकदीची पुडी आणि तारुण्य परत आणणारे काढे विकणाऱ्यांपासून सावध राहण्यास एवढी एक हदीस पुरेशी आहे.

चाळीस वर्षांची वेस

वार्धक्याची तयारी साठीत सुरू करावी, असा आपला समज असतो. सूरह अल-अहकाफमध्ये (४६:१५) मात्र मनुष्य पूर्ण सामर्थ्याला पोहोचून चाळीस वर्षांचा होतो, त्या वयाचा उल्लेख आहे. त्या वयात तो आपल्या पालनकर्त्याकडे कृतज्ञतेची, सत्कर्माची आणि संततीच्या भल्याची याचना करतो. चाळिशी ही मागे वळून पाहण्याची आणि पुढची वाट नीट करण्याची वेस आहे. रक्तदाब आणि रक्तातील साखर या दोहोंची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत वयाच्या तिशीपासूनच केली जाते. हे दोन्ही विकार वर्षानुवर्षे काहीही न दुखवता आतून रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि डोळे पोखरतात. दुखत नाही म्हणून तपासायचे नाही, हा हिशोब उलटा आहे.

इस्लामी इतिहासात काजी अबू तय्यिब अत्-तबरी यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बगदादचे हे थोर फकीह हिजरी ३४८ मध्ये जन्मले आणि हिजरी ४५० मध्ये, म्हणजे शंभरी ओलांडून, अल्लाहला प्यारे झाले. अखेरपर्यंत त्यांची बुद्धी व शक्ती टिकून होती. उतारवयात एकदा त्यांनी नावेतून किनाऱ्यावर जोरदार उडी मारली आणि लोकांनी काळजीने टोकले. तेव्हा त्यांनी सांगितले की, तरुणपणी आम्ही हे अवयव पापापासून जपले, म्हणून अल्लाहने म्हातारपणी ते आमच्यासाठी जपले. इब्ने रजब हंबली यांनी ही हकिकत नोंदवली आहे. व्यसन, अतिभोजन आणि रात्रीची उनाडकी यांपासून जपलेला देह उतारवयात उपयोगी पडतो, हे आपण आजही पाहतो.

नमाज : उभे राहण्याची शक्ती टिकवा

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नमाज ही उपासना आहे, व्यायाम नव्हे. व्यायामाच्या हेतूने केलेल्या हालचालींना नमाज म्हणता येणार नाही. परंतु अल्लाहच्या आज्ञेत मनुष्याचे हित असते आणि ते हित ओळखणे ही कृतज्ञता आहे.

दिवसाच्या फर्ज रकअती १७, सुन्नते मुअक्कदा १२ आणि वित्र ३ अशी बेरीज केली तर ३२ रकअती होतात. त्यांत ६४ सजदे आहेत. उभे राहणे, कमरेत वाकणे, जमिनीवर जाणे, पाय दुमडून बसणे आणि पुन्हा उभे राहणे हा क्रम लहानपणापासून रोज चालू असतो. गुडघे, खुबे, घोटे आणि पाठ यांची त्यामुळे आपोआप हालचाल होते. जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठता येणे हे उतारवयातील स्वावलंबनाचे मोठे लक्षण आहे. ब्राझीलमधील डॉ. क्लाउदिओ अराउझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून उठण्यास सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. ज्यांना उठताना हात, गुडघे यांचा फार आधार घ्यावा लागला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उठता न येण्यानेच मृत्यू येतो, असा याचा अर्थ नाही. स्नायूंची शक्ती, तोल आणि लवचिकपणा यांची स्थिती त्या एका कृतीतून दिसते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

येथे आपल्या मशिदींतील खुर्च्यांविषयी बोलणे आवश्यक आहे. सिल्लोड शहरात किंवा तालुक्यातील अजिंठा, शिवना, अंधारी, भराडी यांसारख्या गावांत जा, शेवटच्या सफीत खुर्च्यांची संख्या वाढलेली दिसेल. त्यांतील बऱ्याच मंडळींना खरोखर गरज आहे. शरीअतने त्यांना दिलेली सवलत ही अल्लाहची कृपा आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, उभे राहून नमाज अदा करा; ते शक्य नसेल तर बसून; तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून. सवलतीची ही पायरी-पायरीने उतरणारी रचना लक्षात घ्यावी. पहिली पायरी अशक्य झाल्यावरच दुसरी येते.

म्हणून फर्ज नमाजीत उभे राहण्याची शक्ती असलेल्याने केवळ सोयीसाठी खुर्ची धरू नये. कियाम हा फर्ज नमाजीचा आवश्यक भाग आहे. ज्याला संपूर्ण वेळ उभे राहता येत नाही, त्याने जमेल तेवढे उभे राहावे. भिंतीचा वा काठीचा आधार घ्यावा. जमिनीवर बसता येत असेल तर जमिनीवर बसावे. सजदाच करता येत नाही किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, अशांच्या बाबतीत तपशील वेगळे आहेत. त्यांनी आपल्या डॉक्टरांना आणि मुफ्तींना, दोघांनाही विचारावे. डॉक्टरांनी जमिनीवर बसण्यास मनाई केली असताना हट्टाने बसणे हा तकवा नव्हे.

यातील व्यवहाराची बाजूही मोठी आहे. पंधरा दिवसांच्या दुखण्यासाठी घेतलेली खुर्ची दुखणे गेल्यावरही सुटत नाही. बसण्या-उठण्याचा सराव गेला की मांडीचे स्नायू क्षीण होतात. स्नायू क्षीण झाले की गुडघ्यावर भार वाढतो. गुडघा अधिक दुखू लागतो आणि मग खुर्ची खरोखरच अपरिहार्य होते. सवलत ही नदी ओलांडण्याच्या नावेसारखी आहे. पलीकडे पोहोचल्यावर नावेतून उतरले पाहिजे.

हजरत जकरिया (अ.) यांचे स्मरण या ठिकाणी होते. सूरह मरयममध्ये (१९:४) ते आपली हाडे क्षीण झाल्याचे आणि डोके पांढरे झाल्याचे अल्लाहपुढे मांडतात. सूरह आले-इमरानमध्ये (३:३९) त्याच वृद्ध प्रेषितांना पुत्राची शुभवार्ता मिळते, तेव्हा ते मेहराबमध्ये उभे राहून नमाज अदा करीत होते. क्षीण हाडे आणि उभी उपासना या दोन गोष्टी एकाच आयुष्यात एकत्र नांदू शकतात.

पाऊल आणि पडणे

मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलागणिक एक दर्जा वाढतो आणि एक पाप पुसले जाते, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. तरीही चार गल्ल्यांपलीकडच्या मशिदीला आपण मोटारसायकलवर जातो. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांसह सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल सांगते. मशीद पाच मिनिटांच्या अंतरावर असेल तर एका नमाजीचे जाणे-येणे दहा मिनिटांचे होते. दिवसातून तीन नमाजींना पायी गेले तरी आठवड्याला २१० मिनिटे होतात. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, फक्त गाडीची किल्ली खुंटीवर राहू द्यावी लागते. पाऊल थोडे झपझप टाकावे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत श्वास वाढावा.

नुसते चालणे मात्र पुरेसे नाही. पासष्टीनंतर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारी आणि तीन दिवस तोल सांभाळण्याची हालचाल करावी, असेही ही संघटना सांगते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून टाचेला अंगठा जोडत एका रेषेत चालणे, पाण्याची छोटी कळशी दोन्ही हातांनी आलटून पालटून उचलणे हे घरच्या घरी होते. आपल्या माता-भगिनींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. घरात दिवसभर उभ्याने काम होते. पण सून आली की अम्मींचे काम एकदम थांबते आणि गुडघे धरतात. मक्याच्या वा कपाशीच्या शेतात आयुष्य घालवलेल्या अब्बांचेही तसेच होते. मुलाने शेती हाती घेतली की काल दिवसभर राबणारा देह आज ओट्यावर बसतो. काम हलके करावे, वाटून घ्यावे. परंतु एकदम तोडू नये.

वृद्धांसाठी पडणे हे मोठे संकट आहे. खुब्याचे हाड मोडले की कित्येक माणसे पुन्हा पूर्वीसारखी चालत नाहीत. हे पडणे बहुधा घरातच घडते. ओल्या न्हाणीघरात, अंधाऱ्या पायरीवर, सैल चपलेमुळे किंवा झोपेतून उठून एकदम उभे राहिल्यामुळे ते घडते. म्हणून तहज्जुद किंवा फजरसाठी उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. संडासात व न्हाणीघरात भिंतीला पकडण्याचा दांडा बसवावा. मशिदीच्या विश्वस्तांनी वुजूखान्याची फरशी खरबरीत ठेवावी, बसून वुजू करण्याची सोय करावी आणि पायऱ्यांवर दिवा ठेवावा. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानचीच एक शाखा आहे. मग अल्लाहच्या घरातील निसरडी फरशी दुरुस्त करणे हे किती मोठे पुण्यकर्म असेल!

दस्तरखान

सूरह अल-आराफमध्ये (७:३१) खाण्यापिण्याची अनुमती आणि अतिरेकाची मनाई एकत्रच आली आहे. तिर्मिजीतील एका हदीसचा आशय असा आहे की, मनुष्य पोटाहून वाईट भांडे भरत नाही. पाठ ताठ राहण्यापुरते घास त्याला पुरेत. आणि अधिक खायचेच असेल तर एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी ठेवावे. पोट भरण्यापूर्वी हात आवरणे ही या हदीसची रोजची अंमलबजावणी आहे.

कमी खाणे म्हणजे निकृष्ट खाणे नव्हे, हेही समजून घेतले पाहिजे. अनेक वृद्ध, विशेषतः एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, चहा-पाव किंवा चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि ते टिकवण्यासाठी प्रथिने लागतात. डाळ, मटकी, हरभरे, दूध, दही, अंडे, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि घट्ट वरण हे मराठवाड्याचे साधे ताट औषधापेक्षा कमी मोलाचे नाही. दात नसतील तर मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेले अंडे द्यावे. दात टिकवायचे असतील तर मिस्वाकची सुन्नत आहेच. उम्मतला कठीण जाईल अशी भीती नसती तर प्रत्येक नमाजीवेळी मिस्वाकची आज्ञा दिली असती, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे.

मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमहून कमी असावे, म्हणजे सर्व पदार्थांत मिळून एक लहान चमचाही नाही. लोणचे, पापड, खारे फरसाण यांतून ते नकळत वाढते. वलीमा, अकीका आणि इफ्तारच्या दावतींत तेलाचा तवंग व गोड सरबत यांना मर्यादा नसते. यजमानाने आग्रह करू नये आणि पाहुण्याने पथ्य सांगण्यास लाजू नये. मधुमेही पाहुण्याच्या तोंडात जबरदस्तीने मिठाई कोंबणे ही मेहमाननवाजी नव्हे.

वृद्धांना तहान कमी जाणवते. तहान लागली नाही म्हणून पाणी प्यायचे नाही, असे केल्यास उन्हाळ्यात चक्कर, बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ ठरलेलीच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांपुढे जातो. प्रत्येक नमाजीच्या आधी व नंतर बसून, तीन श्वासांत थोडे पाणी पिण्याची सवय लावावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढेच ठेवावे. कडक उन्हात जुहरची नमाज थोडी थंडावा आल्यावर अदा करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. जमातीची वेळ ठरवताना मशिदीच्या समितीने आपल्या वृद्धांना डोळ्यांपुढे ठेवावे.

तंबाखू आणि मिसरी

या विषयावर थोडक्यात पण स्पष्ट बोलतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही पुड्यांची माळ टपरीवरून उतरलेली नाही. पुरुष खर्रा आणि तंबाखू खातात, स्त्रिया मिसरी लावतात. मिसरीला "दात घासणे" म्हटले म्हणून ती तंबाखू असण्याचे थांबत नाही. तोंडाचा कर्करोग, हृदयविकार आणि हाडांचा ठिसूळपणा यांना तिचे नाव ठाऊक नसते. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही सूरह अल-बकरामधील (२:१९५) आज्ञा येथे लागू होते. कोणत्याही वयात सोडले तरी लाभ होतो. सत्तरीत सोडणाऱ्यालाही होतो.

झोप

सूरह अन्-नबामध्ये (७८:९-११) झोपेला विश्रांती, रात्रीला आवरण आणि दिवसाला उपजीविकेचा समय म्हटले आहे. प्रेषितांना (स.) इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे नापसंत होते. आज गप्पांची जागा मोबाइलने घेतली आहे. इशानंतर लवकर निजणारा वृद्ध फजरला ताजा उठतो. दुपारचा कैलूला अर्ध्या तासाच्या आत असावा. तीन तास झोपून रात्री झोप न येण्याची तक्रार करणे व्यर्थ आहे. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने कधीही घेऊ नये, कारण तोल जाऊन पडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

रोजा आणि आजारी वृद्ध

रमजानमध्ये हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. "साठ वर्षे एकही रोजा सोडला नाही, आता कसा सोडू?" असे सांगणाऱ्या बुजुर्गांची तळमळ आदरणीय आहे. परंतु ज्या अल्लाहने रोजा फर्ज केला, त्यानेच सूरह अल-बकरामध्ये (२:१८४-१८५) आजाऱ्याला सवलत दिली आणि तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, अडचण इच्छीत नाही, असे सांगितले. बरे होण्याची आशा असेल तर नंतर कजा करावी; वयामुळे वा कायमच्या आजारामुळे ती आशा नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरजवंताला जेवण, म्हणजे फिदया, द्यावा.

मधुमेही वृद्धाने रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन आणि काही गोळ्यांच्या वेळा व मात्रा बदलाव्या लागतात. रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तत्काळ सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. म्हणून "इफ्तारपर्यंत थांबू" असे म्हणत घाम, थरथर आणि गोंधळलेली अवस्था सहन करू नये. सवलत देणाऱ्याची सवलत नाकारून बेशुद्ध पडण्यात पुण्य शोधू नये.

डोळे, कान आणि बुद्धी

आपल्या भाषेत "साठी बुद्धी नाठी" अशी म्हण आहे. ती अर्धसत्य आहे. पुष्कळ वृद्धांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत राहते. स्मृतिभ्रंशाविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, शारीरिक निष्क्रियता यांच्याबरोबर ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे आणि एकाकीपण यांचाही समावेश आहे. चष्मा लावताना कोणी लाजत नाही, कानाचे यंत्र मात्र लपवले जाते. खुतबा ऐकू येत नाही, नातवंडांचे बोलणे कळत नाही, म्हणून माणूस हळूहळू संभाषणातून बाहेर पडतो आणि घरचे म्हणतात, "अब्बा आता गप्पच असतात." आधी कान तपासावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही पुढे ढकलत राहू नये.

बुद्धीला रोज काम द्यावे. नवी सूरह पाठ करणे, कुरआनचा मराठी अनुवाद वाचणे, नातवंडांना प्रेषितांच्या कथा सांगणे, बाजाराचा हिशोब स्वतः करणे हे सारे त्यात येते. प्रेषित (स.) स्वतः "अरजलिल उमुर", म्हणजे ज्ञान हरपून टाकणारे निकृष्ट वय, यापासून अल्लाहचे संरक्षण मागत असत. ही दुआ रोजच्या नमाजीनंतर मागावी.

आणि दुआ व प्रयत्न करूनही एखाद्याची स्मृती गेली तर? तर तो गुन्हेगार नाही. ज्याची जाणीवच हरपली, त्याच्यावर शरीअतची जबाबदारी उरत नाही. नमाजीच्या रकअती विसरणाऱ्या, एकच प्रश्न दहा वेळा विचारणाऱ्या आईवर ओरडू नये. आपल्या लहानपणी आपणही एकच प्रश्न दहा वेळा विचारला होता.

घराचे आणि समाजाचे कर्तव्य

सूरह अल-इस्रामध्ये (१७:२३-२४) आई-वडील तुमच्याजवळ वार्धक्याला पोहोचले तर त्यांना "उफ्"देखील म्हणू नका, अशी ताकीद आहे. यातील "तुमच्याजवळ" हा शब्द विचार करण्याजोगा आहे. म्हातारपण जवळ घालवायचे असते, दूरच्या खोलीत नव्हे. मुलगा पुण्या-मुंबईला किंवा आखाती देशात असेल तर रोज ठरावीक वेळी फोन करावा आणि "औषध घेतले का?" एवढेच विचारून तो ठेवू नये. नातेसंबंध जोडणाऱ्याच्या उपजीविकेत व आयुष्यात वाढ होते, असे हदीसमध्ये आहे. ही शुभवार्ता जोडणाऱ्या दोन्ही टोकांसाठी आहे.

आदर म्हणजे बसवून ठेवणे नव्हे. "तुम्ही आराम करा" हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. पण दिवसातून वीस वेळा उच्चारले की ते माणसाला निरुपयोगी ठरवते. त्यांचा सल्ला घ्यावा, झेपेल ते काम त्यांच्याकडे असू द्यावे, सोबत चालायला जावे.

इमामांचेही कर्तव्य आहे. लांबलचक किरअतीबद्दल तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) जमात चालविणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले की, मागे दुर्बल, आजारी आणि वृद्ध असतात, नमाज हलकी ठेवा. आम्हा इमामांनी हे दररोज लक्षात ठेवले पाहिजे.

शासनाच्या सोयींची माहितीही घरात असावी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद आहे. आधार कार्डाच्या साहाय्याने त्याचे वेगळे कार्ड काढून ठेवावे. आजार आल्यावर धावाधाव करू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे आणि उपविभागीय पातळीवर त्याची न्यायाधिकरणे आहेत. श्रद्धावंताच्या घरातून मात्र तिथे जाण्याची वेळ कोणत्याही आई-बापावर येऊ नये.

आजपासून काय करावे?

अल्लाहला सर्वांत प्रिय कृती ती, जी थोडी असली तरी सातत्याने केली जाते. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेल्या या हदीसला धरून या महिन्यात प्रत्येक घराने बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात :

१. घरातील चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासून एका वहीत तारखेसह लिहावी.

२. दिवसातील कोणत्या तीन नमाजींना पायी जायचे, ते ठरवावे. घरी नमाज अदा करणाऱ्या स्त्रियांनी अंगणात वा गच्चीवर तेवढाच वेळ चालावे.

३. खुर्चीवर नमाज अदा करणाऱ्याने आपली गरज अद्याप तीच आहे काय, हे डॉक्टर व आलिम यांना विचारून घ्यावे.

४. न्हाणीघर, पायऱ्या आणि पलंगाजवळचा दिवा या तीन जागा याच आठवड्यात सुरक्षित कराव्यात.

५. तंबाखू किंवा मिसरी सोडण्याचा दिवस ठरवावा आणि तो घरातील सर्वांना सांगावा.

६. एक वेळचे जेवण तरी सर्वांनी वृद्धांसोबत एकाच दस्तरखानावर, मोबाइल बाजूला ठेवून घ्यावे.

यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. यांनी वय थांबणार नाही. वय थांबवणे हा हेतूही नाही. ज्याचे आयुष्य दीर्घ आणि कर्मे उत्तम, तो माणसांत उत्तम, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. आयुष्य किती, हे अल्लाहच्या हाती आहे. मिळालेल्या दिवसांत सजदा करण्याची, कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची आणि कोणावर ओझे न होण्याची शक्ती जपणे, एवढे आपल्या हाती आहे.

हे अल्लाह! आमच्या कानांना, डोळ्यांना आणि गुडघ्यांना अखेरपर्यंत तुझ्या उपासनेची शक्ती दे. आमच्या घरातील वृद्धांवर दया कर, जशी त्यांनी आमच्या बालपणी आमच्यावर केली. आणि आम्ही दुर्बल होऊ तेव्हा आमच्या मुलांच्या अंतःकरणात आमच्यासाठी कोमलता ठेव. आमीन.